सात राहिले

दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे मी आमच्याच घरात पाहुणा असतो. हॉलमध्ये वर्तमानपत्रांवर करंज्या गार होत पडलेल्या, गॅलरीत चिवड्याचे पोहे उन्हात, आणि माझी खुर्ची कुठेतरी चकलीच्या डब्यांखाली. बायकोचा फराळाचा व्यवसाय बरीच वर्षं चालू आहे. मी पतसंस्थेत हिशेब लिहीत होतो तोवर माझा त्याच्याशी संबंध संध्याकाळी चव बघण्यापुरता होता. निवृत्त झालो आणि मला बढती मिळाली: बॉक्स भरायला बसवलं.

पहिल्याच दिवशी मी एक सूचना करून पाहिली. ती एका वेळी साठ करंज्या करते. म्हटलं, पन्नास का करत नाहीस, हिशेबाला सोपं पडेल, दोन वेळा केल्या की शंभर. तिने लाटणं थांबवलंही नाही.

"अहो, पन्नासाचे सहा-सहाचे बॉक्स भरून दाखवा बरं."

तिच्याकडे चारचे, पाचचे, सहाचे, दहाचे आणि बाराचे असे बॉक्स आहेत. पन्नासाला त्यातले फक्त पाचचे आणि दहाचे चालतात. साठाला सगळे. "साठ कशातही बसतात," एवढं बोलून ती पुढच्या पारीकडे वळली.

त्या रात्री लाइट गेली. मेणबत्तीच्या उजेडात मी बँकेची जुनी डायरी उघडली आणि साठाला नि:शेष भाग जाणारे आकडे मांडले. १, २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३०, ६०. एकूण बारा. शंभराचे मोजले तर नऊच. म्हणजे एप्रिल १९५७ मध्ये आपण सोळा आण्यांचा रुपया सोडून शंभर नव्या पैशांचा केला, तेव्हा भागाकाराच्या दृष्टीने फार काही कमावलं नाही. सोळाला तिनाने भाग जात नव्हता, शंभरालाही जात नाही. उलट एका आण्याचे सव्वासहा पैसे होऊन बसले. जुन्या पंचांगकर्त्यांना ही अक्कल होती: दिवसाच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळं, संवत्सरंसुद्धा प्रभवपासून क्षयपर्यंत साठ.

मग मनात आलं, साठाच्या आधीच्या कुठल्या संख्येला बारा विभाजक आहेत का? एकेक तपासली. नाहीत. अठ्ठेचाळीसला दहा आहेत, बाकी सगळे त्याच्या आत. साठानंतर ७२, ८४, ९० आणि ९६ यांनाही बाराच आहेत, पण ते मागाहून आलेले. गावसकरांनी १९८३ मध्ये दिल्लीत २९वं कसोटी शतक काढलं तेव्हा ब्रॅडमनची बरोबरी झाली होती. विक्रम झाला तो त्याच वर्षी डिसेंबरात मद्रासला, ३०व्या शतकाने. इथेही तोच नियम लावला. आधीच्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक हवेत, बरोबरी चालणार नाही. अशा संख्यांना मी डायरीत 'विक्रमी' असं नाव दिलं आणि यादी करायला घेतली.

सुरुवात सोपी आहे. १, २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०. पुढे एकेक विभाजक मोजत बसलं तर रात्र पुरत नाही, पण त्याला शाळेतली युक्ती आहे. साठ म्हणजे २×२×३×५. यातून विभाजक बनवताना दोनाचे तीन पर्याय: एकही घ्यायचा नाही, एक घ्यायचा किंवा दोन्ही घ्यायचे. तिनाचे दोन पर्याय: घ्यायचा किंवा नाही. पाचाचेही दोन. तीन गुणिले दोन गुणिले दोन, झाले बारा. प्रत्येक मूळ संख्या जितक्या वेळा येते त्यात एक मिळवायचा आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा. मला या कामात इतकी मजा आली की लाइट आल्याचं शेजारच्या टीव्हीवरून कळलं.

तोवर यादी इथे पोचली होती: १२०, १८०, २४०, ३६०, ७२०, १०८०, १४४०, २१६०. शेजारी विभाजकांचा रकाना: १६, १८, २०, २४, ३०, ३२, ३६, ४०.

दुसऱ्या दिवशी फोनवर शोधलं. नील स्लोन नावाच्या गणितज्ञाने १९६४ मध्ये, विद्यार्थी असतानाच, अशा संख्यामालिका कार्डांवर गोळा करायला सुरुवात केली. १९७३ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, त्यात २,३७२ मालिका होत्या. १९९६ पासून तो कोश इंटरनेटवर आहे आणि त्यात प्रत्येक मालिकेला आपला क्रमांक आहे, सात-बाराच्या उताऱ्यावर गट नंबर असतो तसा. मला नेमकी सापडली ती ए ००२१८३ क्रमांकाची मालिका, म्हणजे विक्रमी संख्यांच्या विभाजकांचा रकाना. तो माझ्या रकान्याशी लावून पाहिला. २४, ३०, ३२, ३६, ४०. सगळं जुळलं. डायरी मिटून मी समाधानाने चहा मागितला.

मार्गशीर्षात आमच्याकडे डिंकाचे लाडू सुरू होतात. एका दुपारी बायकोला ऑर्डर लिहायला कागद हवा होता, म्हणून तिने तीच डायरी उचलली. आकडे बघत म्हणाली, "हे काय? यात सात कुठे गेले?"

म्हटलं, कसले सात?

"खालच्या काकूंची सून बाळंतीण आहे. रोज एक लाडू, आठवड्याचा एक बॉक्स. सातचे बॉक्स. तुमच्या यादीतल्या एकाही आकड्यात सातचा बॉक्स बसत नाही."

खरंच बसत नव्हता. १०८०, १४४०, २१६०: सगळे ३६०चे पाढे. मी ३६०च्या पटीत पुढे सरकत गेलो होतो, दोन, तीन आणि पाच एवढ्याच मूळ संख्या हाताळत. सात माझ्या डोक्यातच आला नव्हता. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि मला साठ पूर्ण होऊन तेव्हा चारच महिने झाले होते.

पुन्हा मांडलं. १०८० म्हणजे २×२×२×३×३×३×५. त्यातले दोन तीन काढून त्यांच्या जागी एक सात ठेवला की होतात ८४०. तीन तीन असताना तिनाचे पर्याय चार होते. आता एकच तीन उरला, त्याचे दोन, आणि साताचे दोन: पुन्हा चारच. विभाजक तितकेच, ३२. पण नऊ मोजून मी जे विकत घेतलं होतं ते सातात मिळत होतं. १४४०चंही तेच. त्यातले तीन दोन, म्हणजे आठ, काढून सात घातला की १२६०, आणि विभाजक ३६च. २१६०च्या जागी १६८०, विभाजक ४०. म्हणजे माझा विभाजकांचा रकाना शंभर टक्के बरोबर आणि त्याच्या शेजारच्या तीन संख्या सपशेल चूक.

हिशेबनिसाला यापेक्षा लाजिरवाणी गोष्ट नाही. तीस वर्षं मी नव्या पोरांना सांगत आलो की तेरीज, म्हणजे जमा आणि नावे या दोन्ही बाजूंची बेरीज, जुळली म्हणजे वही बरोबर आहे असं समजू नका. एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यावर पडली तरी तेरीज जुळतेच. मी इथे नेमकं तेच केलं होतं: ८४०चे ३२ विभाजक १०८०च्या खात्यावर जमा केले आणि वर चहा मागितला. आणखी एक पायरी पुढे गेलो असतो तर पकडला गेलो असतो. माझ्या पद्धतीने पुढची संख्या २८८० आली असती, विभाजक ४२. खरी पुढची आहे २५२०, विभाजक ४८. एक ते दहा या सगळ्यांचा लसावि तो, सातवीच्या पुस्तकातला. पण तेवढ्यात लाइट आली.

तेव्हापासून हा विषय मी सोडलेला नाही. आणि मग रामानुजन भेटले. खरं तर ते आधीपासून तिथे बसलेले होते.

रामानुजन १९१२ मध्ये मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये हिशेब विभागात कारकून म्हणून लागले, महिना ३० रुपयांवर. (हिशेब विभाग! हे वाचल्यावर मी दोन दिवस ताठ मानेने फिरलो.) १९१४च्या एप्रिलमध्ये ते केंब्रिजला पोचले आणि १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा साठाहून अधिक पानांचा शोधनिबंध आला, तो याच विक्रमी संख्यांवर. १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना संशोधनावर पदवी दिली ती या निबंधाच्या जोरावर. एवढं असूनही, त्यांना केंब्रिजला बोलावून घेणारे गणितज्ञ हार्डी यांच्या मते हा विषय गणिताच्या मुख्य प्रवाहापासून बाजूला पडलेला होता. असमानता हाताळण्याची रामानुजनांची हुकमत मात्र त्यात दिसते, हेही त्यांनी नोंदवलं आहे. मला विषय बाजूला असल्याचं काही वाटत नाही. घरात माझीही जागा तिथेच असते.

माझ्या चुकीवरचा उपाय त्या निबंधात नियम म्हणून सिद्ध केलेला आहे. विक्रमी संख्येत मूळ संख्या दोनापासून सुरू होऊन मध्ये एकही न गाळता ओळीने यायला हव्यात, आणि मोठीची हजेरी छोटीपेक्षा जास्त असता कामा नये. तसं असेल तर दोघींच्या हजेऱ्यांची अदलाबदल करा: विभाजक तितकेच राहतात, संख्या लहान होते आणि आधीचा विक्रम खोटा ठरतो. सगळ्यात मोठी मूळ संख्या नेहमी एकदाच येते. याला अपवाद दोनच, ४ आणि ३६. पुढचा विक्रम फार लांबही नसतो, कारण कुठलीही संख्या दुप्पट केली की विभाजक वाढतातच, म्हणजे दुपटीच्या आत नवा विक्रम होतोच होतो. रामानुजनांनी त्यापुढे जाऊन दाखवलं की संख्या मोठ्या होत जातात तसं लागोपाठच्या दोन विक्रमींचं गुणोत्तर एकाच्या जवळ जवळ येत जातं.

निबंधात एक तक्ता आहे. हाताने केलेला, संगणक सोडाच, त्या काळात साधं मोजणीयंत्रही त्यांच्या टेबलावर असण्याचं कारण नव्हतं. १०२ विक्रमी संख्या, शेवटची ६७,४६,३२,८३,८८,८००, म्हणजे जवळजवळ पावणेसात लाख कोटी. आणि त्या तक्त्यात एक संख्या राहून गेली आहे.

हे वाचलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. राहिलेली संख्या आहे २,९३,३१,८६,२५,६००. आजोबांच्या भाषेत दोन निखर्व नऊ खर्व तीन अब्ज एकतीस कोटी शहाऐंशी लाख पंचवीस हजार सहाशे. मी डायरीत तिचे अवयव पाडले. दोन सहा वेळा, तीन चार वेळा, पाच दोनदा, सात दोनदा, मग ११, १३, १७, १९ एकेकदा. आता विभाजक मोजायचे: सात गुणिले पाच गुणिले तीन गुणिले तीन, ३१५. पुढच्या चार मूळ संख्यांमुळे चार वेळा दुप्पट. ६३०, १२६०, २५२०, ५०४०.

राहिलेल्या संख्येचे विभाजक ५०४०. आणि ५०४० ही स्वतः विक्रमी संख्या आहे. माझ्या सुधारलेल्या यादीत २५२०च्या लगेच खाली तीच बसलेली होती. एक ते सात या आकड्यांचा गुणाकार. सात तिथेही हजर.

रामानुजनांच्या हातून ती का सुटली यावर माझा काही सिद्धान्त नाही, आणि माझी चूक त्यांच्या चुकीशेजारी मांडण्याइतका मी वेडा नाही. माझी संख्या चार आकड्यांच्या आत सुटली, त्यांची बारा आकड्यांवर. पण अशा याद्यांचा स्वभावच असा असतो खरा. हर्षद संख्या म्हणजे जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती. ती ओळखायला अंकांची बेरीज करून भाग देऊन पाहायचा, शेजारपाजाऱ्यांना विचारावं लागत नाही. विक्रमी संख्या मात्र नुसती तिच्याकडे बघून ओळखता येत नाही. तिच्याआधीच्या प्रत्येकीची साक्ष काढावी लागते.

हर्षद संख्यांचं नाव निघालंच आहे, तर देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकर गुरुजींनी दिलेलं हे नाव आमच्या यादीतही उपयोगी पडतं. ६० हर्षद आहे, ८४० आहे, ५०४० आहे. सुरुवातीच्या सगळ्या विक्रमी संख्या हर्षदच निघतात, इतक्या की असा नियमच असावा असं वाटायला लागतं. तो मोडतो २४,५०,४४,८०० वर. तिच्या अंकांची बेरीज २७, म्हणजे भाग जायला आत तीन तीन हवेत, आणि तिच्यात आहेत दोनच. हा पडताळा मी एका दुपारी भाजी निवडता निवडता केला. मेथी थोडी जून निघाली त्या दिवशी.

पण ५०४०कडे परत जायला हवं, कारण तिचा जीव फार जुना आहे. प्लेटोने आपल्या अखेरच्या काळात एका आदर्श नगरीचे कायदे लिहिले, त्यात कुटुंबांची संख्या ठरवून दिली: ५०४०. का, तर तिला स्वतःला सोडून ५९ विभाजक आहेत आणि एकपासून दहापर्यंत सगळ्यांनी तिला भाग जातो. कर गोळा करा, सैन्य उभं करा, जमिनी वाटा, कशातही बसते. माझ्या बायकोचाच युक्तिवाद, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. अकराने मात्र भाग जात नाही, आणि प्लेटोला तेही ठाऊक होतं. तो म्हणतो, दोन घरं बाजूला काढा की जातो. ५०३८ म्हणजे ११ गुणिले ४५८. ती दोन घरं कोणाची, हे विचारायला तिथे कोणी पतसंस्थेतला माणूस नसावा.

तीच ५०४० पुढे अशा ठिकाणी उभी राहिली की प्लेटोला स्वप्नातही सुचलं नसतं. आतापर्यंत आपण विभाजक नुसते मोजत होतो. त्यांची बेरीज करायला घेतली की विक्रमांची दुसरी यादी सुरू होते. तमिळनाडूतले गणितज्ञ पिल्लई यांनी १९४३ मध्ये या बेरजेच्या विक्रमांवर लिहिलं. १९५० मध्ये गणित परिषदेसाठी हार्वर्डला जाताना कैरोजवळ त्यांचं विमान कोसळलं आणि त्यात ते गेले. तिसरी यादी त्या बेरजेला त्या संख्येनेच भागून येणाऱ्या उत्तराच्या विक्रमांची, ती १९४४ मध्ये अलाओग्लू आणि एर्डिश या गणितज्ञांनी अभ्यासली. या तिसऱ्या यादीत आणि पहिलीत बराच काळ फरक पडत नाही. पहिला फरक ७५६०ला पडतो. विभाजक ६४, म्हणून मोजणीत ती विक्रमी, पण भागाकारात ती ५०४०च्या मागे राहते.

ही बेरीज किती वर जाऊ शकते, याला संख्येबरोबर उंच होत जाणारं एक कुंपण घालता येतं. १९८४ मध्ये गी रोबँ या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं की ५०४०च्या पुढची एकही संख्या ते कुंपण ओलांडत नसेल तर रीमानचं १८५९चं गृहीतक खरं, आणि एकीने जरी ओलांडलं तरी खोटं. ते गृहीतक मूळ संख्यांच्या विखुरण्याबद्दल आहे आणि आजही सुटलेलं नाही. कुंपण ओलांडणाऱ्या माहीत असलेल्या संख्या एकूण २७, सगळ्यात मोठी ५०४०. तिच्या विभाजकांची बेरीज १९,३४४ आणि तिथे कुंपणाची उंची सुमारे १९,२३७. शंभरेक आकड्यांनी ती पलीकडे आहे. पुढे कोणी उडी मारलीच, तर उडी मारणारी पहिली संख्या त्या तिसऱ्या यादीतलीच असेल, हेही २००९ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे फरार आरोपी शोधायला सगळं गाव धुंडाळायला नको, एक वही चाळली की पुरे. फक्त वही संपत नाही.

आणि गंमत अशी की या कुंपणाजवळ रामानुजन सत्तर वर्षं आधी पोचले होते. रीमानचं गृहीतक धरून चालून, पुरेशा मोठ्या संख्यांसाठी हे कुंपण त्यांनी मांडलं होतं. पण महायुद्ध सुरू झालेलं, सोसायटीची आर्थिक ओढाताण, त्यामुळे निबंधाचा तो भाग छापलाच गेला नाही. १९७६ मध्ये गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूजना केंब्रिजमधल्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात रामानुजनांची हरवलेली वही सापडली. १९८८ मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा त्याच पुस्तकात ही न छापलेली पानंही आली. १९९७ मध्ये निकोलस आणि रोबँ यांनी ती टिपांसह पुन्हा छापली. रोबँ तेच. ज्या गोष्टीवर त्यांनी १९८४ मध्ये काम केलं, तिची १९१५ची खतावणी समोर आल्यावर त्यांना काय वाटलं असेल, याचा मी बरेचदा विचार करतो. वाईट वाटलं नसावं. टिपा लिहायला बसलेला माणूस वाईट वाटून घेत नाही.

माझी डायरी आता स्वयंपाकघरातच असते. १०८०, १४४० आणि २१६० मी खोडले नाहीत, कारण हिशेबाच्या वहीत खाडाखोड करायची नसते. चुकीच्या नोंदीवर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि आपली सही. तसं केलं आहे. बायकोने त्याच पानाच्या तळाला पेनने लिहिलंय: 'डिंक लाडू, खालच्या काकू, ७चे १२ बॉक्स. मंगळवारी.'

सात बारे चौऱ्याऐंशी. मोजणीच्या यादीत ही संख्या नाही. विभाजक बारा, म्हणजे साठाची नुसती बरोबरी. सवयीने बेरीज करून पाहिली: १, २, ३, ४, ६, ७, १२, १४, २१, २८, ४२, ८४. आले २२४. साठाची १६८, बहात्तरची १९५. चौऱ्याऐंशीच्या आत २२४ कोणालाच जमत नाही. पिल्लईंच्या यादीत ती आहे.

"अहो, डिंक तळायला घेतलाय, आकडे नंतर," आतून आवाज आला. मी बॉक्स काढायला उठलो. सातचे बॉक्स अजून आणायचे होते.